‘मूल लहान आहे ना, मग विषय बदला!’

दर महिन्या-दोन महिन्यांनी आमच्याकडे एक ठरलेली प्रेसनोट येते. ‘अमुक यांना पीएच.डी. प्रदान.’ शाल, श्रीफळ, फोटो आणि खाली अभिनंदन करणाऱ्यांची वीस नावं. पुरुषाची असेल तर विषय, मार्गदर्शक, विद्यापीठ एवढ्यावर भागतं. बाईची असेल तर एक वाक्य जास्तीचं असतं : ‘घर, संसार व मुलाबाळांची जबाबदारी सांभाळून त्यांनी हे यश संपादन केले.’ मी हे वाक्य कापते. मग पाठवणाऱ्याचा फोन येतो, “ताई, चांगलं वाक्य होतं की, का काढलं?”

का काढलं ते एकदाच सविस्तर लिहिते. पोस्ट लांब आहे. सवडीनं वाचा, पण वाचा.

ते वाक्य कौतुक म्हणून लिहिलेलं असतं, पण खरं तर तो कबुलीजबाब असतो. या बाईला संशोधनासोबत घरातलं एक पूर्णवेळ कामही एकटीनं करावं लागलं आणि तिच्या घरानं, कॉलेजनं, विद्यापीठानं तिचा भार उचलला नाही, असं ते सांगतं. पुरुषाच्या बातमीत ‘संसार सांभाळून’ कधी येत नाही. कारण त्याचा संसार दुसरं कुणीतरी सांभाळत असतं, आणि तिचं नाव अभिनंदनाच्या वीस जणांतही नसतं.

माझं स्वतःचं शिक्षण म्हणाल तर पत्रकारितेची पदविका. पीएच.डी.शी माझा संबंध बातमीपुरता. पण तालुक्याच्या गावात वीस वर्षं बातमीदारी करताना फील्ड म्हणजे काय ते पायांना कळलंय. पोरगी वर्षाची नव्हती तेव्हा मी गारपिटीच्या बातम्यांना फिरलेली आहे. त्यामुळे गेल्या महिन्यात ओळखीच्या एका प्राध्यापिकेनं जे सांगितलं, ते ऐकून डोकं सटकलं.

तिचा विषय होता ऊसतोड बायकांचं आरोग्य. ती विद्यापीठाच्या आरआरसीसमोर, म्हणजे विषय मंजूर करणाऱ्या समितीसमोर गेली. विद्यापीठाचं नाव सांगत नाही, कारण जे तिथं घडलं ते कुठंही घडतं. तिला पद्धतीबद्दल, नमुना निवडीबद्दल, आधीच्या अभ्यासांबद्दल एकही प्रश्न आला नाही. प्रश्न आला तो असा : “मूल केवढं आहे?” ती म्हणाली, दीड वर्षाचं. त्यावर सल्ला मिळाला, “मग बाई, असला फिरण्याचा विषय कशाला घेता? लायब्ररीतला घ्या. सेकंडरी डेटावर करा. लवकर होईल.”

सल्ला देणारे गृहस्थ दुष्ट नाहीत. त्यांना वाटलं आपण मदतच केली. गोची नेमकी तिथंच आहे.

फील्ड म्हणजे सहल नव्हे

ऊसतोडीचंच घ्या. फडावरची बाई पहाटे अंधारात उठते. स्वयंपाक, पाणी उरकून नवऱ्याबरोबर फडात जाते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. तो तोडतो, ती मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीत चढवते. एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात. मग तिची मुलाखत घ्यायची कधी? दुपारी बारा ते चार, ‘सोयीच्या वेळेत’? त्या वेळेत ती बोलायला मोकळीच नसते. ती बोलते रात्री, कोपीपुढं चूल पेटल्यावर, आणि तेही मुकादम आसपास नसेल तर. म्हणजे संशोधक बाईला रात्री तिथं थांबावं लागतं. एकदा नव्हे, हंगामभर. आणि हंगाम साधारण दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. तो चुकला की वर्ष गेलं. तुमच्या लेकराला गोवर आला म्हणून कारखान्याचा बॉयलर थांबत नाही.

आता सांगा, हा विषय ‘लायब्ररीतला’ कसा करायचा? लायब्ररीत जे असतं ते कुणीतरी आधी फील्डवर जाऊन आणलेलं असतं.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय गाजला. सरकारनं समिती नेमली. ८२ हजारांहून जास्त बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३ हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली निघाली. आकडा कळला. पण त्या आकड्यामागचं, म्हणजे कुणी सल्ला दिला, पैसे कुठून आणले, नंतर अंगावर काय काय आलं, नवरा काय म्हणाला, हे कोण विचारणार? बाप्या माणूस वही घेऊन समोर बसला तर ती हे सांगेल? ती बाईला सांगते. त्यातही जिला स्वतःला मूल आहे तिला जास्त सांगते. गावात संशोधनाला गेलेल्या कुठल्याही बाईला विचारा, तिचा पहिला प्रश्न विचारून व्हायच्या आत समोरून प्रश्न येतो, “तुला पोरं किती?” उत्तर मिळालं की समोरची सैल होते.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या पुढाकारानं जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गावोगावच्या बायकांकडून गोळा झाल्या. सासर-माहेर, बाळंतपण, नवऱ्याचा मार, विठ्ठलाशी भांडण, सगळं त्यात आहे. ते ग्रंथालयात बसून मिळालं असतं का? ज्या वयात बाई असं काम उमेदीनं करू शकते, नेमक्या त्याच वयात तिला मूल होतं. आपण तिला सांगतो, एक कोणतं तरी निवड. म्हणजे नुकसान फक्त तिचं होत नाही. जे प्रश्न फक्त तीच विचारू शकली असती ते विचारलेच जात नाहीत. एक ‘विषय बदला’ म्हणजे शंभर बायकांचं म्हणणं कायमचं राहून गेलं.

‘पण नियमात सवलत आहे ना!’

आहे. यूजीसीच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीनुसार मुदत साधारण सहा वर्षं, पुनर्नोंदणीनं आणखी दोन आणि महिलांना त्यावर आणखी दोन, म्हणजे कमाल दहा वर्षं. शिवाय प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. पण हे २४० दिवस पीएच.डी.च्या संपूर्ण काळासाठी मिळून आहेत. दुसरं मूल झालं तर उरलेल्यात भागवा.

या सवलती मिळवायला बायकांनी झगडावं लागलं, त्यामुळे त्यांना मी नाकं मुरडणार नाही. पण नीट बघा, नियम तिला काय देतो? वेळ देतो. ‘तू उशिरा कर, आम्ही रागावणार नाही’ एवढंच. मूल सांभाळायला माणूस देत नाही, जागा देत नाही, पैसे देत नाही. आणि ही ‘बालसंगोपन’ रजा आहे फक्त बाईला. संशोधन करणाऱ्या बापाचा त्यात उल्लेख नाही. म्हणजे मूल कुणी वाढवायचं हे नियमावलीनंच ठरवून टाकलं.

आता पैशाचं बघू. नेट पास होऊन जेआरएफ मिळाली तर महिना ३७ हजार, पुढे ४२ हजार. चांगली रक्कम आहे. पण ती किती जणींना मिळते? त्यासाठीची वयाची अट ३० वर्षं, महिलांना पाच वर्षं सूट. आमच्याकडच्या कितीतरी मुली लग्न, बाळंतपण, तासिका तत्त्वावरच्या नोकऱ्या यातून डोकं वर काढेपर्यंत पस्तिशी ओलांडून गेलेल्या असतात. आणि जिला मिळते तिला सामाजिक शास्त्रांत आकस्मिक खर्चासाठी पहिली दोन वर्षं मिळतात वर्षाला १० हजार. महिन्याला साडेआठशेही नाहीत. त्यात पुस्तकं, झेरॉक्स, टायपिंग आणि प्रवाससुद्धा. सोबत लेकरू आणि लेकरू धरायला कुणी बाई न्यायची असेल, तर तिच्या तिकिटाचा रकाना कुठल्याच फॉर्मवर नाही.

नोकरदार बाईला २०१७ च्या दुरुस्तीनं २६ आठवडे पगारी रजा आली, ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथं पाळणाघर बंधनकारक झालं. संशोधक विद्यार्थिनी ‘कर्मचारी’ नाही, म्हणून या कायद्याच्या बाहेर. आणि कायद्यात असलेली पाळणाघरं तरी प्रत्यक्षात कुठं आहेत? आपापल्या गावातल्या कॉलेजात जाऊन बघा. सापडलं तर फोटो टाका.

कोर्टांनी मात्र स्पष्ट बोलून दाखवलंय. दिल्ली उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये एम.एड.च्या एका विद्यार्थिनीच्या प्रकरणात सांगितलं की शिक्षण की मातृत्व अशी निवड कुणावर लादता येणार नाही. २०२४ मध्ये हिमाचलमधल्या सरकारी कॉलेजात भूगोल शिकवणाऱ्या आणि आजारी मुलासाठी संगोपन रजा मागणाऱ्या प्राध्यापिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की, बायकांनी कामात असणं ही मेहेरबानी नव्हे, तो घटनेनं दिलेला हक्क आहे. आमच्या आरआरसीपर्यंत हे निकाल अजून पोचायचेत.

नेहमीचे तीन मुद्दे

आता कमेंटमध्ये काय येणार ते मला ठाऊक आहे, म्हणून आधीच उत्तर देते.

एक : “आमच्या आया झाडाला झोळी बांधून शेतात राबल्या, त्यांनी कुठं सवलती मागितल्या?” बरोबर. मागितल्या नाहीत, कारण द्यायला कुणी नव्हतं. ऊसतोड बाईसुद्धा लेकरू फडाच्या कडेला ठेवूनच काम करते. त्याला आदर्श म्हणायचं की अन्याय? झोळीचं कौतुक करणाऱ्यानं एक दिवस त्या झोळीजवळ उन्हात बसून दाखवावं.

दोन : “इरावतीबाई कर्व्यांनी केलंच ना?” केलं. तीन मुलांची आई असून त्यांनी देश पालथा घातला, डेक्कन कॉलेजात आयुष्यभर काम केलं आणि १९५३ साली भारतातल्या नातेव्यवस्थेवरचा तो मोठा ग्रंथ दिला. पण त्यांचे यजमान दिनकर कर्वे त्यांच्या कामाच्या पाठीशी उभे होते आणि घर पुण्यात होतं, शिकलेल्या माणसांच्या वर्तुळात. इरावतीबाईंच्या कर्तृत्वातून तसूभरही वजा न करता म्हणते, एका इरावतीबाईंवरून व्यवस्था ठीक आहे असं सिद्ध होत नाही. दिनकरराव प्रत्येकीच्या नशिबी नसतात, आणि विद्यापीठाचं धोरण नशिबावर चालत नाही.

तीन : “एवढ्या पीएच.डी. करून तरी काय दिवे लावणार?” हा प्रश्न २०२३ मध्ये आपल्या विधिमंडळातच विचारून झालाय, तेव्हा चौकातल्याला काय दोष द्यायचा. पोकळ पीएच.डी. पुष्कळ आहेत, हे मीही जाणते. पण त्या पोकळ का होतात? ‘लवकर होईल असा विषय घ्या’ या सल्ल्यानंच होतात ना? जी बाई रात्री कोपीपुढं बसायला तयार आहे तिला तुम्ही लायब्ररीत ढकलता आणि मग म्हणता, संशोधनात दम नाही.

शिवाय बायका यायच्या थांबणार नाहीत. सरकारचाच आकडा आहे : २०१४-१५ मध्ये देशात पीएच.डी. करणाऱ्या बायका साधारण ४८ हजार होत्या, २०२१-२२ मध्ये साधारण ९९ हजार झाल्या. सात वर्षांत दुप्पट. या सगळ्यांसाठी व्यवस्था अजून तीच, ‘सासू आहे ना घरी?’ सासूचेही गुडघे दुखतात हो. आणि तिनं एकदा पोरं वाढवून झाली आहेत.

मागायचं काय?

चंद्र मागत नाही. यातलं निम्मं तर विद्यापीठ स्वतःच्या पातळीवर करू शकतं.

१. विषय मंजूर करताना लग्न, मूल, घर यावर एकही प्रश्न विचारायचा नाही. तसं लेखी परिपत्रक काढा आणि बैठकीच्या खोलीत लावा.

२. फील्डवर्कच्या खर्चात मुलाचा आणि मूल सांभाळणाऱ्या माणसाचा प्रवास-मुक्काम धरा. त्यासाठी वेगळं शीर्ष ठेवा.

३. विद्यापीठाच्या आवारात पाळणाघर आणि अतिथीगृहात मुलासह राहायची परवानगी द्या. आज बऱ्याच ठिकाणी लेकरू बघितलं की खोली ‘फुल’ होते.

४. प्रगती अहवालाच्या तारखा फील्डच्या हंगामाप्रमाणे पुढंमागं करायची मुभा द्या.

५. संशोधक बापालाही संगोपन रजा द्या. जोवर रजा फक्त आईला, तोवर ‘बाई म्हणजे अडचण’ हे समितीच्या डोक्यातून जाणार नाही.

ओळखीच्या त्या प्राध्यापिकेनं अजून विषय बदललेला नाही. पुढच्या बैठकीत तोच विषय पुन्हा मांडणार आहे. मागच्या हंगामात ती पोराला बहिणीकडं ठेवून चार वेळा फडावर जाऊन आली, सगळं स्वतःच्या पगारातून. या वेळी नाही म्हणाले तर काय करायचं, तिला माहीत नाही.

मला काय करायचं ते माहीत आहे. गावोगावच्या संशोधक मुलींनो, आरआरसीत, मुलाखतीत, मार्गदर्शकाच्या केबिनमध्ये जेव्हा कुणी तुम्हाला ‘मूल केवढं आहे’ असं विचारेल तेव्हा तारीख, वेळ आणि नेमके शब्द वहीत लिहून ठेवा. मला मेसेज करा. तुमचं नाव कुठंही छापणार नाही. प्रश्न मात्र जसाच्या तसा छापेन.