सुरक्षितता कोणाची?

'प्रादेशिक सुरक्षितता' आणि 'शाश्वत विकास' हे शब्द राज्यशास्त्राच्या तासाला वरचेवर कानावर पडतात. त्यांचा अभ्यास करणाऱ्या संस्था आपल्या पुण्यातच आहेत. २०११ मध्ये स्थापन झालेले पुणे इंटरनॅशनल सेंटर राष्ट्रीय सुरक्षा, ऊर्जा, पर्यावरण अशा विषयांवर सरकारला धोरणे सुचवते. अशा संस्था हव्यातच. पण सुरक्षितता म्हटले की विद्वानांना देशाची सीमा आठवते. जुन्नर-आंबेगावच्या माणसाला घरामागचा डोंगर आणि उसाचे रान आठवते.

बिबट्याचेच पाहा. धरणांचे पाणी आले, ऊस आला, उसात बिबट्या राहू लागला. २००१ च्या सुमारास जुन्नरला हल्ले वाढले, तेव्हा पकडलेले बिबटे दूर जंगलात नेऊन सोडले गेले. विद्या अथ्रेया व त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाने दाखवून दिले की, जेथे सोडले तेथे माणसांवरचे हल्ले वाढले. अभ्यासाचा उपयोग तो हा! पण आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. माझ्या वडिलांपर्यंत हा निष्कर्ष कोणी आणला नाही. वीज रात्रीची, आणि दारे धरायला जावेच लागते, एवढे त्यांना ठाऊक.

माधव गाडगीळ समितीने पश्चिम घाटाचा अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये केंद्र सरकारला दिला. निर्णय ग्रामसभेपासून सुरू व्हावेत, हा त्याचा गाभा. तोच अहवाल सरकारने अडवून धरला. माहितीच्या अधिकाराखाली भांडावे लागले, तेव्हा मे २०१२ मध्ये तो उघड झाला, तोही इंग्रजीत. ज्या ग्रामसभांचा त्यात एवढा गौरव, त्यांनी तो वाचायचा कसा?

पुढे ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातले माळीण दरडीखाली गेले. १५१ माणसे मेली. बातमी बाहेर आणली एसटीच्या चालकाने. रोजचे गाव त्याला जागेवर दिसेना. मग वाद रंगला: यंत्राने केलेल्या सपाटीकरणामुळे डोंगर सुटला, की पावसामुळे? त्या पट्ट्यात उतारावर भातखाचरे रचण्याची पडकई पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. यंत्र लावल्यास उतार किती सोसेल, हे अभ्यासकांनी आधी मोजायला हवे होते. आणि कोणता झरा अचानक गढूळला, हे गावकऱ्यांना विचारायला हवे होते.

आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात दरवर्षी रस्ते झाडले जातात. यंदा भूगोलाच्या प्राध्यापकांना बरोबर घेऊन पश्चिमेकडच्या दोन-चार गावांत पर्जन्यमापक बसवावेत, आणि रोजचा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूने, मराठीत लिहायला सुरुवात करावी.