‘रक्त कमी आहे’ एवढ्यावर उठू नका

एकोडीच्या आणि साकोलीकडच्या सगळ्या गावांतल्या आयाबायांनो, बापलोकांनो,

तुमच्या घरात एखादं लेकरू सारखं आजारी पडतं का? थंडी वाढली, पावसात भिजलं, की हातपाय धरून रडतं का? डोळे मधूनमधून पिवळे दिसतात का? दवाखान्यात नेलं की सांगतात, रक्त कमी आहे. मग टॉनिकची बाटली येते, लाल गोळ्या येतात. गूळ-शेंगदाणे सुरू होतात. आठ-पंधरा दिवस बरे जातात. पुन्हा तेच.

रक्त कमी आहे, हे कळलं. पण का कमी आहे? हे विचारल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. तुम्ही विचारलंत तर डॉक्टर रागावणार नाहीत. रागावले तरी विचारा.

रक्त कमी होण्याची कारणं बरीच आहेत. पोटात जंत असतात, जेवण अपुरं पडतं, बाईच्या अंगावरून जास्त जातं, मलेरिया होऊन गेलेला असतो. पण आपल्या भागात आणखी एक कारण आहे, आणि ते पुष्कळदा कोणाच्या ध्यानातच येत नाही. ते म्हणजे सिकलसेल. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर या सगळ्या पट्ट्यात हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे.

तो होतो कसा, ते समजून घ्या. आपल्या रक्तातल्या लाल पेशी गोल आणि मऊ असतात. बारीकशा नळीतूनही त्या सहज सरकतात. सिकलसेलच्या माणसाच्या पेशी प्राणवायू कमी पडला की वाकतात, कडक होतात, धान कापायच्या विळ्यासारख्या दिसू लागतात. मग त्या बारीक नळ्यांत अडकतात. जिथे अडकतात तिथे रक्त पोचत नाही, आणि तिथे दुखतं. साधं दुखत नाही. मोठा माणूसही गडाबडा लोळतो. निरोगी लाल पेशी साधारण 120 दिवस जगते. ही वाकडी पेशी 10 ते 20 दिवसांतच फुटते. म्हणून रक्त कायम कमी, आणि फुटलेल्या पेशींमुळे डोळे पिवळे.

ही कावीळ माळ घालून उतरत नाही. हे दुखणं बिब्बा लावून किंवा डाग देऊन जात नाही. लेकराच्या गुडघ्यावर बिब्ब्याचा फोड उठतो, आतलं दुखणं तसंच राहतं, आणि वरून जखम चिघळते. तुमचा देवावर, जाणत्यावर विश्वास असेल तर अंगारा लावा, माझी हरकत नाही. पण लेकरू आधी दवाखान्यात न्या.

हा आजार स्पर्शाने होत नाही. उष्ट्याने, एका ताटात जेवल्याने होत नाही. तो जन्मासोबत येतो, आणि आई व बाप दोघांकडून येतो. एकट्या सुनेला बोल लावणाऱ्या सासूबाईंनी हे नीट ऐकावं. लेकराला आजार आहे म्हणजे तुमच्या मुलाच्या रक्तातही तो दोष आहे.

आणि यात लाज कसली? जिथे मलेरिया फार होता, अशा जंगलाच्या, तलावांच्या मुलखात हा गुण टिकून राहिला. कारण ज्याच्यात तो अर्धा असतो, त्याला जीवघेण्या मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं. आदिवासी समाजात हा आजार आहे, बौद्ध समाजात आहे, कुणबी, तेली अशा इतर समाजांतही आढळतो. ‘आमच्यात असलं काही नसतं’ म्हणून कोणी तपासणी टाळू नये.

आता तपासणीचं सांगतो.

बोटाला टोचून थेंबभर रक्त घेतात. पहिली तपासणी सोल्युबिलिटीची. तिच्यातून रक्तात दोष आहे की नाही एवढंच कळतं. दोष किती आहे, ते कळत नाही. म्हणून ती पॉझिटिव्ह आली की तिथेच थांबू नका. पुढची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी नावाची तपासणी होते, तिचा कागद हातात घ्याच. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची पहिली तपासणी भरवशाची नसते. कारण आईच्या पोटात असतानाचं वेगळं रक्त बाळाला तोवर सांभाळत असतं. नुकतंच रक्त चढवलं असेल तर तेही आधी सांगा. रिपोर्ट चुकतो, तीन महिने थांबावं लागतं.

दोष असेल तर कागदावर बहुतेक दोनपैकी एक अक्षरजोडी येईल. ‘एएस’ म्हणजे वाहक. हा माणूस आजारी नाही. तो शेत करतो, नोकरी करतो, त्याला रोजचं औषध लागत नाही. ‘एसएस’ म्हणजे रुग्ण. त्याची काळजी आयुष्यभर घ्यायची. या दोन अक्षरांत लोक फार घोळ घालतात. एएसच्या पोरीला आजारी ठरवून घरी बसवतात, आणि एसएसच्या पोराला ‘काही नाही, सगळ्यांनाच असतं’ म्हणून सोडून देतात. दोन्हींमध्ये लेकराचं नुकसान आहे.

1 जुलै 2023 पासून देशात सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू आहे. तिच्यात 40 वर्षांपर्यंतच्या माणसांची तपासणी करायची आहे. पैसे लागत नाहीत. आशाताईला विचारा, जवळच्या आरोग्य केंद्रात जा, नाहीतर साकोलीच्या सरकारी दवाखान्यात जा. कागद मिळाला की रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा. ही तपासणी जन्मात एकदाच लागते, पण तो कागद हरवला तर पुन्हा सगळी धावपळ.

दिवाळी झाली की आपल्याकडे गावोगाव मंडई भरते. पाहुणे येतात, रात्री नाटक होतं, आणि पोरापोरींच्या सोयरिकीच्या गोष्टी निघतात. त्या वेळी हुंडा, शेती, नोकरी सगळं विचारलं जातं. तिथेच रक्ताचा कागदही मागा आणि आपलाही दाखवा. मंडईच्या आधीच तपासणी करून ठेवलीत तर बोलणं सोपं जातं. साखरपुडा झाल्यावर कागद काढला तर दोन्ही घरांचं तोंड कडू होतं.

हिशेब असा आहे. एक जण एएस आणि दुसरा अगदी निर्दोष, तर लग्न खुशाल करा. त्यांना एसएसचं लेकरू होणार नाही. फार तर काही लेकरं एएस होतील. दोघंही एएस असतील तर मात्र विचार करा. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात चारातला एक धोका एसएसचा असतो. ‘प्रत्येक’ हा शब्द धरून ठेवा. पुष्कळ जणांना वाटतं, पहिलं लेकरू आजारी झालं, म्हणजे पुढची तीन चांगली होणार. तसं होत नाही. दर खेपेला तोच चारातला एक. काही घरांत तिन्ही लेकरं चांगली असतात, काही घरांत लागोपाठ दोन एसएस होतात.

म्हणून एएसची मुलगी नाकारू नका. तिच्यासाठी निर्दोष रक्ताचा मुलगा बघा, एवढंच. मुलगा एएस असेल तर मुलगी निर्दोष रक्ताची बघा. मुलीचा कागद मागायचा आणि मुलाचा लपवायचा, हे मला मुळीच पटत नाही. लपवलेला कागद दोन वर्षांनी पाळण्यात दिसतो.

लग्न होऊन गेलं आहे आणि दोघंही एएस निघालात? घाबरू नका, आणि सोडचिठ्ठीची भाषा तर काढूच नका. पाळी चुकली की लगेच, पहिल्याच महिन्यात, डॉक्टरांना तुमचे दोघांचे कागद दाखवा. पोटातल्या बाळाला एसएस आहे का, हे साधारण 10 ते 12 आठवड्यांत तपासता येतं. ही तपासणी मोठ्या शहरातच होते, म्हणून वेळ हातात हवा. चौथ्या-पाचव्या महिन्यात नाव नोंदवलंत तर ती संधी जाते. यात मुलगा की मुलगी हे सांगत नाहीत, तो गुन्हा आहे. पुढे काय करायचं ते तुम्ही दोघांनी ठरवावं, आणि त्यात बाईचं मन सगळ्यांत आधी.

आता ज्यांच्या घरात एसएसचं माणूस आहे, त्यांच्याशी बोलतो.

पाणी. दिवसभर, थोडं थोडं, तहान लागायची वाट न बघता. मोठ्या माणसाला तीन लिटर तरी. पाणी कमी झालं की रक्त घट्ट होतं आणि पेशी अडकतात. आपल्याकडच्या मे महिन्यात, तेंदूपानाच्या हंगामात, हे सगळ्यांत जास्त सांभाळावं लागतं.

पावसाळ्यात रोवण्याचे दिवस बायांना फार जड जातात. बाई सकाळपासून बांधीतल्या चिखलात वाकून उभी असते. वरून पाऊस, पायाखाली गार पाणी. आडोसा नाही म्हणून लघवीला जाता येत नाही, आणि जावं लागू नये म्हणून ती पाणीच पीत नाही. भिजणं, गारठा, थकवा आणि कोरडा घसा, दुखणं उठवणाऱ्या चारही गोष्टी एकाच दिवसात. रात्री ती कण्हते तेव्हा घरचे म्हणतात, रोवण्याला सगळ्यांचंच अंग दुखतं. सगळ्यांचं दुखतं ते वेगळं, हिचं वेगळं. तिला कामचोर म्हणू नका. तिला काठावरचं काम द्या, घरचं काम द्या, आणि तिच्या लघवीची सोय करा.

दुखणं सुरू झालं तर पाणी जास्त पाजा, अंग गरम ठेवा, दुखऱ्या जागी कोमट शेक द्या. बर्फ लावू नका. पॅरासिटामॉल द्या. थोड्या वेळात उतार पडला नाही तर दवाखाना गाठा.

काही वेळा मात्र घरी थांबायचंच नाही. 101 डिग्रीच्या वर ताप. छातीत दुखणं, दम लागणं. एका बाजूचे हात-पाय लुळे पडणं, बोलणं अडखळणं, तोंड वाकडं होणं. लेकरू एकाएकी पांढरंफटक पडणं आणि डाव्या बरगडीखाली पोट फुगून कडक होणं. तिथे प्लीहा असते, आपण पाणथरी म्हणतो. लहान लेकरांत ती अचानक रक्त धरून ठेवते आणि काही तासांत जीव जाऊ शकतो. आईने ती जागा हाताने चाचपायला डॉक्टरांकडून शिकून घ्यावं. मुलाच्या किंवा पुरुषाच्या लिंगाला ताठरपणा येऊन तो तासन्‌तास उतरत नसेल, तर लाजेपायी लपवू नका, तोही याच आजाराचा भाग आहे. अशा वेळी 108 ला फोन लावा, आणि दवाखान्यात पोचल्याबरोबर पहिलं वाक्य हेच बोला: ‘पेशंट एसएस आहे.’

लहान लेकराला जंतुसंसर्ग लवकर होतो. सगळ्या लसी वेळेवर द्या, न्यूमोकोकलची विसरू नका. पाच वर्षांपर्यंत पेनिसिलिनबद्दल डॉक्टरांना विचारा. फॉलिक ॲसिडची गोळी रोज. लोहाची गोळी मात्र स्वतःच्या मनाने सुरू करू नका. एसएसमध्ये रक्त कमी होतं ते पेशी फुटल्यामुळे, आणि सारखं रक्त चढवलेल्या माणसाच्या अंगात लोह आधीच जास्त साठलेलं असतं. एएसची गरोदर बाई मात्र इतरांसारख्याच गोळ्या घेईल.

हायड्रॉक्सियुरिया नावाची कॅप्सूल आहे. जन्माआधीचं ते चांगलं रक्त ती शरीरात पुन्हा वाढवते. त्याने दुखण्याचे झटके कमी होतात, रक्त कमी वेळा चढवावं लागतं. पण ती रोज घ्यायची असते, बरं वाटत असतानाही. सुरुवातीला दर काही आठवड्यांनी रक्त तपासून घ्यावं लागतं. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, बाईने आणि पुरुषानेही. ‘आता दुखत नाही’ म्हणून औषध बंद करणं ही सगळ्यांत नेहमीची चूक आहे. दुखत नाही, ते औषधामुळेच.

प्रत्येक दुखण्याला रक्त चढवा म्हणून हट्ट धरू नका. कधी लागतं ते डॉक्टर ठरवतील. लागलं तर सिकलसेलच्या रुग्णाला सरकारी रक्तपेढीतून मोफत मिळतं, बदली रक्तदाता आणण्याची सक्ती नाही. हा आजार मुळातून बरा करणारं बोनमॅरोचं प्रत्यारोपण आहे, पण त्याला शक्यतो जुळणारं भावंड लागतं, खर्च आणि जोखीम मोठी आहे. नव्या जीन उपचाराला 2023 मध्ये इंग्लंड-अमेरिकेत मान्यता मिळाली. तो अजून आपल्या आवाक्यात नाही. कोणी गावात येऊन जडीबुटीने महिन्याभरात मुळासकट बरं करतो म्हणाला, तर त्याला बैल विकून पैसे देऊ नका.

हक्काच्या गोष्टी पदरात पाडून घ्या. 2016 च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल आहे. प्रमाणपत्रासाठी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. संजय गांधी निराधार योजनेचं तहसील कचेरीत विचारा, एसटीच्या मोफत प्रवासाचं आगारात. हे सगळं आपोआप झालेलं नाही. नागपूरच्या संपत रामटेकेंसारख्या माणसांनी सिकलसेलच्या रुग्णांसाठी वर्षानुवर्षं खेटे घातले. 2018 मध्ये रामटेकेंना पद्मश्री मिळाली.

शाळेतही सांगून ठेवा. गुरुजींना, बाईंना स्पष्ट सांगा की या लेकराला वर्गात बाटली जवळ हवी, लघवीला मागेल तेव्हा सोडायचं, पावसात प्रार्थनेला उभं करायचं नाही, आणि पळण्याच्या शर्यतीत जबरदस्तीने उतरवायचं नाही. खेळू द्यावं, दमलं की बसू द्यावं. गैरहजेरी जास्त भरली म्हणून नाव काढू नये. दहावी-बारावीच्या पेपराला या मुलांना तासाला 20 मिनिटं जादा मिळतात. त्यासाठी प्रमाणपत्र लागतं, आणि ते मिळायला दिवस लागतात. तेव्हा परीक्षेच्या आठवड्याची वाट बघू नका. लेकरू नववीत गेलं की त्याच उन्हाळ्यात भंडाऱ्याला जाऊन या.