एरर त्यांचा, हेलपाटे आपले

परवा बोरिवलीत एका सरकारी खिडकीवर माझ्या पुढच्या मावशी तिसऱ्यांदा परत फिरल्या. काय झालं विचारलं, तर "माझ्याच कागदांत काहीतरी चुकलंय म्हणे." वाकून स्क्रीन बघितला. इंग्रजीत ५०३!

मंडळी, ५ ने सुरू होणारा तीन आकडी कोड म्हणजे बिघाड सर्व्हरच्या बाजूला. ५०३ म्हणजे सर्व्हर सध्या काम घेऊ शकत नाही. त्याला आधारची आणखी एक झेरॉक्स देऊन काय होणार? ४ ने सुरू झाला तर आपली लिंक, लॉगिन तपासा. (४०४ ला पान सापडत नाही. बऱ्याचदा ते त्यांनीच हलवलेलं असतं, असो.)

स्क्रीनचा फोटो काढा, तारीख-वेळ लिहून ठेवा. पैसे भरताना एरर आला तर लगेच पुन्हा भरू नका, आधी खात्यातून कापले गेले का बघा.

राज्यात राजभाषा अधिनियम, १९६४ आहे. लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा, त्यात अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यावं लागतं. मग "आमचा सर्व्हर बंद आहे, तुमची चूक नाही" एवढं मराठीत स्क्रीनवर टाकायला काय जातं? मावशी चार घरची कामं करतात. तीन दिवसांचे खाडे झालेत.