शोधनिबंध वाचणार कोण?

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये प्राध्यापकांची नेमणूक आणि बढती ‘एपीआय’ (शैक्षणिक कामगिरी निर्देशांक) गुणांना जोडली आणि शोधनिबंध हे हळूहळू संख्या भरण्याचे काम झाले. माणसे तीच, बुद्धीही तीच. पण एखाद्या प्रश्नाचा माग काढण्याऐवजी ती गुण जुळवण्याच्या हिशेबात खर्च होऊ लागली. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले. ‘करंट सायन्स’मध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतील १,००९ नियतकालिकांपैकी सुमारे ८८ टक्के दर्जाहीन ठरली. ती नावे विद्यापीठांनीच सुचवलेली होती, हे अधिक अस्वस्थ करणारे आहे.

मोजणी नसेल तर वशिला आणि जात यांचेच राज्य येईल, हा आक्षेप गंभीर आहे. पाठीशी कोणी नसलेल्या उमेदवाराला आकड्याने खरोखर आधार दिला. पण निबंध विकत छापून घेता येत असेल तर तो आधारही पैसेवाल्याकडेच झुकतो. त्यापेक्षा निवड समितीने उमेदवाराचे दोन-तीन निबंध मन लावून वाचावेत आणि निर्णयाची कारणे सर्वांना पाहता येतील अशी लेखी नोंदवावीत. वशिल्याला लेखी कारण देणे जड जाते. याला वेळ लागेल, आणि तो द्यायलाच हवा. आयोगाने २०२२ मध्ये पीएच.डी.साठी निबंध छापण्याची सक्ती काढली, २०२५ मध्ये मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादीही थांबवली. नियतकालिके पारखण्याची जबाबदारी आता संस्थांवर आहे. येत्या नेमणुकांपासूनच त्यांनी ती उचलावी.