पोलीस पाटील आणि मर्जीचे राज्य

जंगल जिल्ह्यांतील पोलीस पाटलाला पदावरून दूर करताना कारण देण्याचे बंधन प्रशासनावर नसावे, असा एक विचार ठासून मांडला जातो. पाटील मानधनावरचा माणूस, पगारी नोकर नव्हे. ज्याने नेमले त्याने काढावे. आणि चंद्रपूर-गडचिरोलीत चौकशीचा घोळ सुरक्षेला परवडत नाही, एवढाच त्याचा ऐवज आहे.

मानधनाचा मुद्दा १९६६ सालीच निकाली निघाला आहे. आसामातील मौजादार कमिशनवर सारा गोळा करी, तरी तो नागरी पद धारण करतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले.

‘नेमणारा तोच काढणारा’ या वचनाचा आधार सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमात, म्हणजे इतर कायद्यांचा अर्थ लावण्यासाठी केलेल्या कायद्यात, सापडतो हे खरे; परंतु संबंधित कायद्यातून वेगळा हेतू दिसत नसेल तरच तो नियम लागू होतो, ही त्याची अट प्रतिपक्ष सोयीने गाळतो. महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ मध्ये हा वेगळा हेतू स्वच्छ दिसतो. निष्काळजीपणा, कर्तव्यात कसूर किंवा गैरवर्तन घडले तर ठपक्यापासून दंड, निलंबन, सेवेतून काढणे आणि बडतर्फी अशा चढत्या शिक्षा त्यात सांगितल्या आहेत. काढलेल्या माणसाला पुढे सरकारी काम मिळू शकते, बडतर्फाला सहसा मिळत नाही, इतका बारीक भेद विधिमंडळाने केला आहे. विनाकारण काढता येत असेल तर हे मोजमाप कशासाठी केले, याचे उत्तर प्रतिपक्षाने द्यावे. ब्रायटन शहराच्या पोलीस प्रमुखाला स्थानिक समितीने १९५८ साली बाजू न ऐकता बडतर्फ केले, तेव्हा कायद्यात बडतर्फीची कारणे दिलेली असताना आरोप कळवून म्हणणे ऐकलेच पाहिजे, असे सांगून ब्रिटिश उमरावसभेने १९६३ साली तो निर्णय रद्द ठरवला. राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंतच पद धारण करणाऱ्या राज्यपालालाही लहरीखातर हटवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१० साली बी. पी. सिंघल प्रकरणात म्हटले. राज्यपालाला मिळालेले हे संरक्षण भामरागडच्या पाटलाला मात्र नाकारायचे, हा कोणता न्याय?

संरक्षण दिले की वतनदारी परत येईल, ही भीतीही जुनीच आहे. वंशपरंपरागत महसुली पाटीलकी १९६२ च्या कायद्याने गेली. वतनाला पात्रता लागत नसे आणि जाबही द्यावा लागत नसे, तर येथे जाबच विचारायचा आहे, फक्त तो उघडपणे.

राहिली सुरक्षा. संविधानाचा अनुच्छेद ३११, जो नागरी पदधारकाला चौकशीविना काढण्यास मनाई करतो, तोही चौकशी व्यवहार्य नसल्यास अपवाद देतो, पण ती का व्यवहार्य नाही हे लिहून ठेवायला लावतो. शिवाय खबरी ठरवून माओवाद्यांनी ज्या गडचिरोलीत पोलीस पाटलांचे जीव घेतले, तेथे सरकारनेच मुकाट्याने काढलेला पाटील दोन्ही बाजूंच्या संशयात एकटा पडतो, आणि त्याची गत पाहिलेल्या गावातून पुढे त्या पदासाठी कोण अर्ज करील?

म्हणून लेखी आरोप, उत्तराला पुरेशी मुदत आणि सकारण आदेश एवढे तरी हवेच. नेमणूक पाच वर्षांची असते आणि पुढे तिचे नूतनीकरण होते. ते गुपचूप नाकारले की काढण्याचेच काम होते, आणि त्यासाठी आरोपही ठेवावा लागत नाही. तेव्हा नकाराचीही कारणे लिहिली जावीत आणि त्या आदेशाची प्रत पाटलाच्या हाती पडावी.