चवीचे लाड, थकव्यावर कर

पुण्यात २००९ साली ‘डूलाली’ने जागच्या जागी बिअर तयार करून विकण्यास प्रारंभ केला. तेव्हापासून शहरात ही नवी रसिकता रुजली. दोन मित्र छोटे पेले मांडून बसतात. गव्हाची उजवी की काळी, यावर तासभर वाद रंगतो. रंगो बापडा! प्रश्न सरकारच्या दृष्टीचा आहे. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने १४,००० कोटींच्या वाढीव महसुलासाठी मद्यावरील उत्पादन शुल्क वाढविले. देशी दारूवर ते प्रूफ लिटरमागे १८० वरून २०५ रुपये झाले. विदेशी मद्यही सुटले नाही. बिअर व वाइन मात्र वगळली. बिअर सौम्य असते, हे समर्थन मान्य केले, तरी देशीवरील वाढ आरोग्यासाठी होती काय? तसे असते तर उद्दिष्ट कोटींत सांगितले नसते.

भांडगावच्या परिसरात ऊस तोडणारा, गुऱ्हाळाच्या चुलाणापुढे राबणारा मजूर चव तोलीत बसत नाही. ठणकणारी पाठ विसरण्यासाठी तो देशी पितो. अशी मागणी किमतीला सहसा बधत नाही. कर वसूल होतो तो त्याच्या घरच्या बाजरीतून, पोरांच्या दुधातून. बिअरवरील शुल्क घटविता येईल काय, हे तपासण्यास राज्य सरकारने २०२३ साली अभ्यासगट नेमला होता. त्या घरचा हिशेब तपासण्यास कोणता नेमला?