टपावर ओझं किती?

बालमित्रांनो, चारही चाकांना जोर असणारी जीप चिखलातून सहज निघते. पण टपावर ओझं जास्त झालं, तर घाटातल्या वळणावर तीच कलंडू शकते!

रिकामी काडेपेटी उभी करा. आत वरच्या टोकाला दोन नाणी चिकटवून हळूच ढकला. मग नाणी तळाशी चिकटवून पाहा. कळला ना फरक?

म्हणून कॅरिअर घेण्याआधी गाडीची पुस्तिका वाचा. समजा, चालत्या गाडीच्या टपाची मर्यादा ७५ किलो आणि पोलादी कॅरिअरच ३५ किलोचं. मग सामानाला उरले फक्त ४०! अॅल्युमिनियमचं कॅरिअर सहसा हलकं असतं.

तंबू-गाद्या वर, पाण्याचे कॅन खाली. बाबा म्हणाले, "आणखी एक बॅग मावेल," तर बेरीज तुम्ही करून दाखवा हं!